पहिली टोपली

कोटरा सुल्तानाबाद, भोपाळ
१७ नोव्हेंबर, सोमवार

प्रिय मंजू,

सलाम. तू उलट सलाम करणार नाहीस हे ठाऊक आहे, पण माझा मी केला. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक करून तीन वर्षं होत आली, मग राहिलं काय? पोस्ट! पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही. पाकीट न उघडता फाडलंस तर मात्र मोठ्या बहिणीचा तळतळाट लागेल, सांगून ठेवते.

काल आपल्या चर्चच्या मराठी मंडळीचा उपकारस्तुतीचा सण झाला आणि तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागेना. काय सण झाला म्हणून सांगू! वेदीपुढे एवढा ढीग की पाळकसाहेबांना उभं राहायला जागा नव्हती. वांगी, मेथी, तांदळाची पिशवी, अंडी, शेजारच्या वैशालीचा केक आणि दोन कोंबड्या. त्यातली एक ऐन प्रार्थनेत ओरडली आणि सगळी पोरं खिदळली. या अर्पणांचा लिलाव अर्थातच मी पुकारला. बाबांचा आवाज तुझ्या वाट्याला आला नाही, माझ्या आला, आणि तो अजून कंपाउंडच्या बाहेर जातो.

आता खरी बातमी. गौरांग भैया आले! नाक मुरडू नकोस, मला इथून दिसतंय. त्यांना या वेळी आमदारकीचं तिकीट नक्की आहे असं सगळे म्हणतात. असा माणूस आपल्या एवढ्याशा चर्चमध्ये आला, पहिल्या बाकावर बसला, सगळ्यांना हात जोडले. मी तर इतकी फुलले होते की लिलावात कोंबडीचा भाव केकला सांगितला.

थोडा उशीर झाला, एवढंच. उपासना संपली तरी त्यांचा पत्ता नव्हता. तुषार पाळक, आपले नवे पाळकसाहेब, मला म्हणाले, “नलिनीताई, सुरू करा, लोक भुकेले आहेत.” लिलाव झाल्याशिवाय जेवण नाही, हा आपला रिवाज. पण मी म्हटलं, थांबू या. पहिली टोपली भैयांच्या हातात द्यायची असं मी ठरवून टाकलं होतं.

हो, पहिली टोपली. बाबा काय म्हणायचे ते मला पाठ आहे. ते कारखान्यात लागून नगरहून इथे आले आणि त्यांनीच हा सण सुरू केला, हे काय तू मला सांगणार? पहिली टोपली देवाची. ती मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या हाती द्यायची आणि ती कुणासाठी थांबवायची नाही, मग कारखान्याचा मोठा साहेब का येईना. पण बाबांच्या वेळी आमदार होणारा माणूस आपल्याकडे येत होता का? काळाप्रमाणे बदलायला नको?

पोरं रडायला लागली हे खरं. शांतारामकाका पगाऱ्यांची साखर उतरली, त्यांना घाम फुटला, तेव्हा पाळकसाहेबांनी सरळ वेदीपुढच्या ढिगातलं एक केळं सोलून त्यांना भरवलं. मला ते आवडलं नाही. लिलावाआधी कुणी ढिगाला हात लावतं का?

पण भैया आले आणि सगळ्याचं चीज झालं. धावतपळत आले बिचारे, घामाघूम, चपलेला मेथीची पानं चिकटलेली. बघ, माणूस थेट लोकांमधून येतो. तुझ्या नगरच्या पुढाऱ्यांसारखा काचा वर करून बसत नाही.

एकच खोट राहिली. पहिल्या टोपलीत दरवर्षी कमलचा भोपळा असतो. कमल म्हणजे चौकात भाजीचा ठेला लावते ती. ती आपल्यातली नाही, पण सणाला पहाटे करोंद मंडीतून सगळ्यात मोठा भोपळा निवडून आणते आणि पैसे घेत नाही. “आपके भगवान भी तो सब्ज़ी खाते होंगे,” म्हणते. या वर्षी बाई आलीच नाही. निरोपसुद्धा नाही! मी अशी चिडले की विचारू नकोस. शेवटी टोपलीत वांगी भरली.

तुझी ताई,
नलिनी


२२ नोव्हेंबर, शनिवार

प्रिय मंजू,

उत्तर नाही. ठीक आहे. मी थोडीच थांबणार आहे!

इथे नुसती धमाल उडाली आहे. कमल का आली नाही ते कळलं. ती दवाखान्यात आहे, हात मोडलाय. चौकात भैयांच्या ऑफिससमोरचे ठेले रविवारी सकाळी काही पोरांनी हटवले. बाकीचे मुकाट्यानं निघाले, ही नडली. झटापटीत ठेला उलटला, ही खाली. इथवर ठीक आहे, म्हणजे ठीक नाही, पण समजण्यासारखं आहे. आता बाई पोलिसात काय सांगते माहीत आहे? ठेला खुद्द गौरांग भैयांनी उलटवला म्हणे! स्वतःच्या हातांनी! मी ऐकलं आणि हसले. विरोधकांनी पढवलं असणार, दुसरं काय. तिकिटाच्या वेळेलाच बरं हे सुचतं.

आणि मंजू, काल ते स्वतः माझ्या घरी आले. दोन गाड्या गल्लीत, सगळी आळी गॅलरीत! अच्युतच्या खुर्चीवर बसले, त्याच्या फोटोला नमस्कार केला, मला म्हणाले, “आंटीजी, दुश्मनों ने फँसाया है। आप तो बस इतना कह देना कि इतवार को मैं शुरू से चर्च में था।”

मी म्हटलं, “शुरू से?”

तर हसले. “अरे, मन से तो शुरू से ही था न!”

असं गोड बोलतात की माणूस पुढे काही विचारतच नाही. कब्रस्तानाचा रस्ता पक्का करून देणार आहेत. पावसात पेटी नेताना किती हाल होतात ते तू पाहिलेलं आहेस. आणि, हे नीट वाच, अल्पसंख्याकांची कसलीशी सल्लागार समिती होणार आहे, तिच्यावर माझं नाव! मी, नलिनी साळवे, समितीवर! मी काय उत्तर दिलं ते विचारू नकोस. चहा केला. आलं घालून केला.

आता तू म्हणशील, ताई विकली गेली. तुझ्या रोहनच्या लग्नात म्हणाली होतीसच. मी भैयांची कॅलेंडरं वाटली म्हणून भर मांडवात मला म्हणालीस, “रोज प्रार्थनेत तुझं राज्य येवो म्हणतेस, ते नक्की कुणाला उद्देशून?” लोक हसले होते, मंजू. अजून ते हसू माझ्या कानात आहे.

पण एक तुला ठाऊक नाही, कारण तू इथे नव्हतीस. कोरोनात अच्युत गेला, मी विधवा झाले, तेव्हा पेटी उचलायला माणूस मिळेना. मंडळीतले अर्धे आजारी, अर्धे घाबरलेले. फोनवर सगळे रडत होते, दारात कुणी नव्हतं. तेव्हा गौरांग भैया आले. तेव्हा ते कुणीही नव्हते, नुसते गल्लीतले भैया. पेटीला त्यांनी खांदा दिला. आपल्या भावकीतला एकही खांदा नव्हता. तू लॉकडाऊनमध्ये अडकली होतीस, मला कळतं, मी कधी बोलले नाही. आजही बोलत नाहीये. तुला फक्त सांगून ठेवते की मी कुणावर उगाच जीव टाकत नाही.

तुझी,
ताई


३० नोव्हेंबर, रविवार

मंजू,

आज मी कमलला भेटायला गेले. खरं सांगायचं तर तिला झापायला गेले होते. वाटेत वाक्यंसुद्धा जुळवली होती.

ती घरी आली आहे. एका खोलीत नवरा, सासू आणि ती, हात गळ्यात बांधलेला. मला पाहिलं आणि उठून बसली. “आंटी, आप आईं!” मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणते, “आपका कद्दू बच गया। ठेला पलटा न, तो लुढ़क के नाली के किनारे जा लगा। बाजूवाली उठा लाई। खटिया के नीचे रखा है, ले जाना।”

मी खाली वाकून पाहिलं. होता. एका बाजूला खरचटलेला, बाकी धडधाकट. पोतं अंथरून त्यावर ठेवला होता.

मी म्हटलं, “कमल, तूने भैयाजी का नाम क्यों लिया?”

ती म्हणाली, “क्योंकि वही थे, आंटी। मैंने बोला मेथी पे पैर मत रखो, अभी मंडी से लाई हूँ, तो और जोर से रखा।” आणि मग, मंजू, तिनं मला हे सांगितलं. “चौक में तो सब डर गए। पुलिसवाला बोला, गवाह कौन है? मैंने कहा, चर्चवाली आंटी से पूछ लो भैयाजी कब पहुँचे। वो बता देंगी। झूठ नहीं बोलतीं वो।”

मेथी! त्यांच्या चपलेला चिकटलेली मेथी मी डोळ्यांनी पाहिली होती. पाहून कौतुक केलं होतं. तुला लिहूनही कळवलं होतं, गाढवीनं!

आता जे मागच्या पत्रात गाळलं ते लिहिते. चहा झाल्यावर भैयांच्या माणसानं मोबाईल समोर धरला. भैया म्हणाले, “बस दो लाइन, आंटीजी।” आणि मी बोलले. बाबांच्या आवाजात बोलले. “गौरांग भैया रविवारी सुरुवातीपासून आमच्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर होते.” हिंदीत बोलले, स्पष्ट, न अडखळता. एकदाच घेतलं, दुसऱ्यांदा घ्यायची गरज पडली नाही. रविवारच्या शाळेत मी पोरांकडून दहा आज्ञा बोटांवर म्हणून घेते. खोटी साक्ष कितव्या बोटावर येते, विचार, आत्ता सांगते.

कमलकडे मोबाईल नाही म्हणून तिनं तो गल्लोगल्ली फिरणारा व्हिडिओ पाहिलेला नाही. आज उद्या कुणीतरी दाखवेलच. मी भोपळा न घेता पळून आले. काय सांगून? ओट्यावर दूध ठेवलंय म्हणून.

पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, रागावतील, मग मीही रागावेन आणि बरं वाटेल. ते म्हणाले, “ताई, काय करायचं ते मी सांगणार नाही. पण मला कुणी विचारलं तर केळ्याचं सांगावं लागेल.” एवढंच बोलले, आणि मी भर चर्चमध्ये हुंदके देऊन रडले.

मला भीती वाटते, मंजू. भैयांच्या पोरांची वाटते, मंडळीची वाटते. रस्ता गेला तर सगळे मलाच बोलतील. पण त्याहून एक वेगळंच दुखतंय. ज्यानं अच्युतला खांदा दिला त्याच्याविरुद्ध मी उभी राहू? आणि त्याच माणसानं कमलचा हात मोडला असेल तर गप्प राहू? दोन्ही हात एकाच माणसाचे कसे असतील? तू हुशार आहेस, तू सांग. नाही सांगणार. ठीक.

भैयांचा तेरा तारखेला अरेरा कॉलोनीत नाताळ मेळावा आहे. मला स्टेजवर बोलावलंय. पत्रकारही असणार. पोलीस त्यानंतर जबाब घ्यायला येतील म्हणतात.

प्रार्थना कर. एवढं तर ब्लॉक न उघडताही करता येतं.

नलिनी


१४ डिसेंबर, रविवार

मंजू! मंजू! आधी बस, मग वाच. हातातली कढई वगैरे खाली ठेव!

काल मेळावा झाला. हॉल खच्चून भरलेला, झालरी, तारे, भैयांचा दारावर दुमजली फोटो आणि शेजारी बाळ येशू, त्याचा फोटो मात्र बेताचा. आमच्या मंडळीला पुढच्या खुर्च्या. मी रात्रभर ठरवत होते की तब्येतीचं कारण सांगून घरी राहावं. मग ठरवलं, जावं आणि गप्प बसावं. साडी नेसताना ठरवलं, जावं आणि बोलावं. रिक्षात परत गप्प बसावं. माझ्यासारखी डळमळती बाई समितीवर घेणार होते, बघ!

भैया भाषण करून म्हणाले, “अब हमारी नलिनी आंटी दो शब्द कहेंगी। उस इतवार को मैं कहाँ था, इनसे अच्छा कौन जानता है!” टाळ्या. माईक माझ्या हातात. समोर सगळे कॅमेरे.  आणि काय सांगू तुला, माईक हातात आला की मला एकच गोष्ट येते. लिलाव.

मी म्हटलं, “भाइयो और बहनो, उस दिन हमारा त्योहार था। पहली टोकरी किसी के लिए रुकती नहीं, ये मेरे पिताजी का नियम है। मैंने वो नियम तोड़ा। मैंने टोकरी रोकी, लीलाम रोका, सबका खाना रोका। किसके लिए? भैयाजी के लिए। क्योंकि भैयाजी आए नहीं थे।”

 भैया हसत उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, “आंटीजी की उमर हो गई है, तारीख़ भूल जाती हैं...”

माझं डोकंच फिरलं. तुला माहीत आहे माझं डोकं. मी माईक घट्ट धरला आणि म्हटलं, “उमर हुई है। दिमाग़ भूल जाए, पेट नहीं भूलता। हमारी मंडली बैठी है सामने। उस दिन जो-जो मेरी वजह से भूखा बैठा रहा, हाथ ऊपर! एक बार...”

कुणी हललं नाही. 

“दो बार...”

आणि पहिल्या रांगेतून शांतारामकाका! धड ऐकू येत नाही त्यांना, शेजारच्या पाळकसाहेबांनी कानात सांगितलं, आणि म्हातारा काठी टेकत उभाच राहिला, हात वर करून मराठीत ओरडला, “मी! माझी साखर उतरली! मला केळं खायला लागलं!” मग पाळकसाहेबांचा हात. मग वैशालीचा. मग पोरांचे, पोरांना काय, भूक आठवली की झालं. मग एकेक करत बाकीचे. सगळे नाही. दोन घरं मान खाली घालून बसली. पण हात होते, मंजू, पुष्कळ हात होते! मी “तीन बार” म्हटलं आणि माझाच हात वर केला.

मग मी भैयांकडे वळले. खोटं सांगत नाही, माझे डोळे भरून आले होते. “भैया, तुमने मेरे अच्युत को कंधा दिया। वो मैं मरते दम तक नहीं भूलूँगी। उस वीडियो में मैंने तुम्हारे लिए झूठ बोला, और वो मैंने तुम्हारा भला नहीं किया। जाओ, कमल का हाथ देख आओ।”

ते सगळ्यांना नमस्कार करून, हसतहसत, मागच्या दारानं गेले. शेवटपर्यंत हसत होते, आणि तेच मला जास्त लागलं.

आता बाकीचं पटापट. पोलीस यायची वाट न बघता आज उपासनेनंतर मीच जाऊन जबाब देऊन आले. तिथला साहेब म्हणाला, “आंटी, पहले वाले वीडियो में तो आप कुछ और बोल रही हैं।” मी म्हटलं, “वो झूठ था। लिख लीजिए।” लिहून घेतलं. त्याचं मला काय भोगावं लागेल ते बघू. रस्ता होणार नाही हे दिसतंच आहे. त्या दोन घरांनी आज मला सलाम केला नाही. रात्री माझ्या गेटवर कुणीतरी शेण फेकलं होतं, ते वैशाली आणि मी सकाळी धुतलं. समितीचं तर नावच काढू नकोस, नुसत्या आठवणीनं मला हसू येतं.

पोलिसातून निघून कमलकडे गेले. तिला कुणीतरी पहिला व्हिडिओ दाखवला होता. मी दारातच सगळं सांगितलं, माफी मागितली. ती एका हातानं मटार सोलत होती. मी उभीच. मग मान वर न करता म्हणाली, “कद्दू ले जाओ, आंटी। सड़ जाएगा।”

आणला. आता माझ्या ओट्यावर आहे. पाळकसाहेब म्हणाले, नाताळच्या उपासनेनंतर पहिली टोपली पुन्हा करू, शांतारामकाकांच्या हाती देऊ आणि त्या भोपळ्याचे घारगे करून सगळी मंडळी खाईल. कमललाही बोलावलंय. “देखूँगी,” म्हणाली. माझे घारगे तेल पितात, तू लहानपणापासून सांगत आलीस. तळायला कुणीतरी चांगलं हवं.

आता शेवटचं मागणं. मला थोडा वेळ अनब्लॉक कर. भैयांचा व्हिडिओ नाही पाठवत, शपथ! कालचा पाठवते, वैशालीनं घेतलाय. हलतो जरा. त्यात सगळ्यांचे हात वर झालेले दिसतील. सगळ्यात पुढे माझा आहे. मीही उपाशीच होते त्या दिवशी, मंजू. पुष्कळ वर्षं होते. नीट बघ, आणि मग हवं तर परत ब्लॉक कर.

आणि नाताळला ये. मात्र गाडी वेळेवर पकड. पहिली टोपली या वेळी कुणासाठी थांबणार नाही, तुझ्यासाठीसुद्धा नाही.

तुझी ताई,
नलिनी